पोरगी लहानखुरी आहे, तिला कोणता खेळ द्यायचा?



हा विषय लिहू की नको म्हणून आठ दिवस थांबलो. रस्ते, पाणी, बाजार समिती यावर लिहायला मला वेळ लागत नाही, पण घरातलं लिहायचं म्हटलं की हात अडतो. शेवटी लेकीलाच वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं खोडली आणि म्हणाली, "आता टाका." ती दोन वाक्यं इथे नाहीत. बाकी सगळं आहे, त्यात माझी चूकही आहे.

लेक चौदा वर्षांची, नववीत. उंची चार फूट आठ इंच. बालवाडीपासून आजवर रांगेत पहिली उभी. शाळेत पोरी तिला 'पाव किलो' म्हणतात. घरी पाहुणे आले की पहिला प्रश्न, "सहावीत का गं?" आता मी पाच फूट चार, तिची आई चार फूट अकरा. लेक कुणावर जाणार? पण आपल्याकडे सल्ले फुकट असतात. दाराच्या चौकटीला लोंबकळायला लाव. बास्केटबॉलला घाल, उंची वाढते. मेडिकलमध्ये एक पावडर मिळते, दुधातून दे. (एक डबा मीही आणला होता, खोटं कशाला बोलू.) एक नातेवाईक तर सरळ म्हणाले, "पोलीस भरतीला मुलींना १५५ सेंटीमीटर लागतात, आत्तापासून बघ." म्हणजे पोरीने खेळायचं ते कशासाठी, हे तिच्या आधी सगळ्यांनी ठरवून ठेवलेलं.

सातवीत असताना तिने शाळेच्या व्हॉलीबॉल संघासाठी नाव दिलं होतं. निवडीच्या दिवशी सरांनी मुलींना उंचीनं उभं केलं, वरच्या बारा घेतल्या आणि हिच्या हातात वही दिली. "तू स्कोअर लिही." दोन वर्षं ती स्कोअर लिहीत होती. अक्षर चांगलं आहे तिचं. मी पण तिच्या वहीवरून बातम्या केल्यात, 'अमुक शाळेचा संघ विजयी'. माझ्या बातमीसाठी आकडे लिहिणाऱ्या पोरीला एकदाही चेंडू हातात मिळाला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. वीस वर्षं झाली पत्रकारिता करतोय.

सरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. नंतर मी त्यांना भेटलो. अकराशे मुलं, खेळाचे ते एकटे शिक्षक, चार चेंडू, त्यातले दोन शिवलेले, आणि वर्षातले कित्येक दिवस मतदार याद्या नाहीतर कसलं तरी सर्वेक्षण. ते म्हणाले, "साहेब, मला पंधरा मिनिटांत संघ काढायचा असतो. उंची डोळ्यांना दिसते. बाकीचं दिसायला महिना लागतो." त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण पंधरा मिनिटांत बाहेर पडलेल्या पोरी पुन्हा कुठल्या मैदानावर दिसत नाहीत, हेही तितकंच खरं.

गेल्या जूनमध्ये मी ठरवलं, आपणच बघू. आणि इथे मी चुकलो.

मी खेळ बघितलाच नाही, कागद बघितला. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. दहावीला ग्रेस गुण असतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे सगळं मला बातम्यांमुळे पाठ. सांघिक खेळात बारा जणींत जागा मिळवायची, मग संघ जिंकायचा, मग वर जायचं. त्यापेक्षा वजनी गटाचा खेळ सोपा, असा माझा हिशोब. सगळ्यात खालच्या गटात मुलीच कमी असतात. दोन लढती जिंकल्या की जिल्ह्याचं पदक, कधी कधी तर समोर कुणी नसतंच. पोरगी लहानखुरी आहे ना, मग तिचा लहानपणाच कामाला लावू. हा विचार मला त्या वेळी फार हुशारीचा वाटला होता.

खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावात तो शिकवणारे एकच आहेत आणि खेळाचाही दोष नाही. उलट वजनी गट आहेत म्हणून तर लहान चणीच्या मुलींना मोठं व्हायला जागा मिळाली. मीराबाई चानू पाच फुटांच्या आतली. टोकियोला ४९ किलो गटात तिने क्लीन अँड जर्कला ११५ किलो उचलले आणि रौप्यपदक आणलं. तिच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. मेरी कोमला २०१२ मध्ये लंडनला ५१ किलो गटात कांस्य मिळालं. ही नावं मीच लेकीला सांगितली होती. मोबाईलवर व्हिडिओ दाखवले होते.

दुसऱ्या महिन्यात शिकवणाऱ्यांनी सांगितलं, "दोन किलो कमी कर, खालच्या गटात बसशील. तिथं तुला कुणी अडवत नाही." लेकीचं वजन तेव्हा अडतीस. मला हे चुकीचं वाटलं का? नाही वाटलं. मी बाजारातून काचेचा डिजिटल वजनकाटा आणला. साडेआठशे रुपयांचा. घरी येऊन तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "रोज सकाळी लिहून ठेव." स्कोअर लिहायची सवय होतीच तिला.

तिने लिहिलंही. वहीची ती पानं आज माझ्याकडे आहेत. ३८.१, ३७.८, ३७.२. आधी रात्रीची भाकरी गेली. मग दूध. मग "मला भूक नाही" हे रोजचंच झालं. भर ऑक्टोबर हीटमध्ये दोन स्वेटर घालून गच्चीवर पळायची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. मी काय करत होतो? मी तालुका स्पर्धेच्या बातमीत तिचा फोटो कुठे बसेल ते बघत होतो. तिची आई दोनदा म्हणाली, "अहो, पोरगी वाळत चाललीय." मी म्हणालो, खेळाडूचं असंच असतं.

खरं तर मला माहीत असायला हवं होतं. ७ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटची बातमी आली तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेली बाई १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाहेर. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. लेकीनं विचारलं होतं, "पप्पा, शंभर ग्रॅम म्हणजे किती?" मी बाथरूममधली साबणाची वडी आणून तिच्या हातावर ठेवली होती. त्या दिवशी मी सगळ्यांसारखाच चिडून लिहिलं होतं, कट आहे का, नियम काय, संघटना काय करत होती. एका बाईला ऑलिंपिकमध्ये एवढं करावं लागतं, तर आपल्याकडच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना हे कोण शिकवतंय, हा प्रश्न माझ्या पोस्टमध्ये नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात ती प्रार्थनेच्या वेळी कोसळली. हनुवटीला तीन टाके. रुग्णालयात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.१. वजन साडेचौतीस. आणि तिथे डॉक्टर मॅडमनी विचारल्यावर कळलं की तीन महिने पाळी आली नव्हती. आईला तिने सांगितलं नव्हतं, कारण आई खेळ बंद करील. मला सांगायचा तर प्रश्नच नाही. (हे वाक्य राहू दे का, असं मी तिला दोनदा विचारलं. राहू द्या म्हणाली.)

डॉक्टर मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी जे सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांत मुलींचे बाप बरेच आहेत. या वयात वजन वाढायलाच पाहिजे. हाडं भरायचा काळ हाच. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी थांबवतं. पाळी थांबली की हाडं कमजोर व्हायला लागतात, आणि या वर्षांत गेलेली हाडाची ताकद पुढे पूर्ण भरून येईलच असं नाही. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबणं ही मेहनतीची खूण नसून धोक्याची खूण आहे. वर आपल्याकडे या वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींचं रक्त आधीच कमी. त्यात उपास.

उंचीचंही मी विचारून घेतलं. पाळी सुरू झाल्यावर मुलींची उंची अजून थोडी वाढते, पण पहिल्यासारखी झपाट्याने नाही. लोंबकळून, बास्केटबॉल खेळून किंवा डब्यातल्या पावडरीने ती ताणता येत नाही. "बास्केटबॉलला उंच मुली दिसतात कारण उंच मुलींनाच तिथे ठेवतात," मॅडम म्हणाल्या. मला एकदम ती स्कोअरची वही आठवली.

त्यानंतर दोन महिने खेळ बंद. वजनकाटा तिच्या आईने माळ्यावर टाकला. लोहाच्या गोळ्या, नाचणी, अंडी, गूळ-शेंगदाणे. लेक माझ्याशी कामापुरतंच बोलायची. या काळात मी रात्री बसून वाचत होतो, बघत होतो, की लहान चणीच्या मुली कुठे कुठे टिकल्यात. वाचून वाटलं, आपण सगळेच किती थोड्या माहितीवर निर्णय घेतो.

बॅडमिंटन घ्या. सिंधू पाच फूट दहा. २०१७ ला ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर जपानची नोझोमी ओकुहारा, जेमतेम पाच फूट एक. ११० मिनिटं चालला तो सामना, आणि तिसरा गेम २२-२० ने त्या ठेंगण्या पोरीने घेतला. सगळा सामना ती शटल जमिनीवर पडूच देत नव्हती. जिम्नॅस्टिक्सला त्रिपुराची दीपा कर्माकर, तिचीही चण छोटी, पाय सपाट. रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली. लांब पल्ल्याचं पळणं, तिथे हलकं अंग कामाला येतं. नाशिककडची कविता राऊत, साताऱ्याची ललिता बाबर, दोघी आपल्याच मातीतल्या. नेमबाजी आणि तिरंदाजीत उंचीचा प्रश्न फारसा येत नाही. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली.

पण वाचणं वेगळं आणि तालुक्याच्या गावात राहणं वेगळं. जिम्नॅस्टिक्सचं साहित्य आणि शिकवणारं माणूस आपल्या तालुक्यात नाही. बॅडमिंटनचा हॉल आहे, पण संध्याकाळी तिथे मेंबर लोक खेळतात (मेंबरांत आपलेही काही मित्र आहेत, त्यांनी राग मानू नये) आणि शटलचा खर्च महिन्याच्या दुधाएवढा येतो. चांगल्या धनुष्याची किंमत विचारून मी फोन ठेवून दिला. दोरीचा मल्लखांब मला फार आवडला होता, लहान अंगाला तो शोभतोही. पण जवळचा वर्ग तीस किलोमीटरवर आणि परतीची एसटी रात्री पावणेनऊची.

मग राहिलं काय? जे आपल्या अंगणात होतं आणि मला दिसत नव्हतं ते. खो-खो.

तो मी निवडला नाही, तिने निवडला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, महाराष्ट्राची. लेकीने ते मैत्रिणीच्या घरी बघितलं होतं. मला बोलली नव्हती, कारण मी तेव्हा 'पदक कशात मिळेल' याच्या मागे होतो. आपल्यापासून दोन तासांवरच्या धाराशिवची सारिका काळे, तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. एवढं जवळ असून मी तिच्यावर चार ओळीसुद्धा कधी लिहिल्या नव्हत्या.

आमच्याकडे एक मॅडम आहेत, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. एकेकाळी विद्यापीठाकडून खेळलेल्या. संध्याकाळी पाच ते साडेसहा मुलींना खो-खो शिकवतात, एक रुपया घेत नाहीत. मी लेकीला घेऊन गेलो आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली, "मॅडम, हिची उंची जरा..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. लेकीला म्हणाल्या, "चप्पल काढ आणि त्या खांबाला धरून वळून दाखव." ती वळली. "परत." परत वळली. असं दहा-बारा वेळा. मग म्हणाल्या, "उद्यापासून ये. येताना शेंगदाणे-गूळ आण. उपाशी आलीस तर बसवून ठेवीन."

मी रोज कडेला उभा राहून बघायला लागलो. खो मिळाला की बसलेल्या मुलीला उठून पळायचं असतं, आणि उंच मुलीला तेवढं उठायलाच वेळ लागतो. लेक स्प्रिंगसारखी सुटते. संरक्षणात तर बघायलाच नको. साखळीतून आत-बाहेर जाताना मागची पोरगी हात टाकते आणि ही खांद्यातून अशी वाकते की हात हवेत राहतो. सगळं बरंच आहे असं नाही. खांबावर सूर मारायचा तर लांब हाताचा फायदा होतोच, तिथे ही कमी पडते. मॅडम म्हणतात, "सूर नाही बसत तर नको बसू दे, हुलकावणीवर काम कर." अंगात जे आहे त्यावर काम चाललंय, नाही त्याच्यासाठी रडारड नाही.

घरात माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लंगडीत मला कुणी धरत नव्हतं." आईची उंची पावणेपाच फूट. ती कधी काही खेळली असेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. सातवीनंतर शाळा सुटली, लंगडीही सुटली. लेकीची आत्या मात्र गुडघे बघून हळहळते. "डाग राहतील गं, पुढं..." त्या 'पुढं'चं उत्तर अजून घरात कुणी दिलेलं नाही.

मागच्या महिन्यात मॅडमनी शेजारच्या तालुक्याबरोबर सामना ठेवला. लेक पहिल्या डावात एक मिनिट पन्नास सेकंद पळाली. दुसऱ्या डावात अकराव्या सेकंदाला बाद. संघ दोन गुणांनी हरला. बातमी होण्यासारखं त्यात काही नव्हतं. घरी येऊन तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि पिठल्याचं पातेलं पुसून काढलं. तिची आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती, बराच वेळ वळली नाही.

आता सार्वजनिक मुद्दा, कारण त्यासाठीच ही पोस्ट.

या तेवीस मुली जिथे खेळतात त्या संकुलाची अवस्था आपण सगळे जाणतो. मैदानात लग्नाच्या मांडवाचे खड्डे तसेच आहेत, दोन मुलींचे घोटे मुरगळलेत. मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद, किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. दीड तास पोरी पाणी कमी पितात, कारण जायची सोय नाही. पाणी तोडून खेळणं म्हणजे काय ते मी घरात बघितलंय. चार दिव्यांपैकी एकच लागतो, त्यामुळे थंडीत सहाला खेळ बंद. पहाटे भरतीची पोरं पळतात, त्यांचीही हीच तक्रार आहे. आणि मुलींची एकही नवी जर्सी कुणी दिलेली नाही, पण फलकावर पाच जणांचे फोटो आहेत.

मी अर्ज तयार केलाय. मागण्या तीनच आहेत. स्वच्छतागृहाची किल्ली संध्याकाळी पाच ते सात मॅडमकडे द्यावी, बंद पडलेले तीन दिवे लावावेत, मांडव घातला तर खड्डे बुजवल्याशिवाय अनामत परत करू नये. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

रविवारी सकाळी नऊ ते अकरा, स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्ज घेऊन बसतोय. ज्यांच्या मुली येतात त्यांनी सहीला या. ज्यांच्या येत नाहीत तेही या. नुसतं लाईक करून जाऊ नका. आत्तापर्यंत नऊ सह्या झाल्यात, त्यातली एक माझ्या आईची आहे. चहा माझ्याकडून.